खानापूरच्या सरांच्या कमेंटला उत्तर: नववीची पोरं आणि त्यांचा स्वतःचा अभ्यास

सर नमस्कार, माझ्या आधीच्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय की पोरांनी स्वतः प्रश्न निवडून स्वतः अभ्यास करायचा हे अमेरिकेतल्या, घरात नेट असलेल्या पोरांचे लाड आहेत, आपल्या मराठी मीडियमच्या पोरांचं कन्नड कच्चं, समोर एसएसएलसीचे, म्हणजे कर्नाटकातल्या दहावी बोर्डाचे, 625 मार्क, आणि ह्यात शिक्षक तेवढे मोकळे. तुम्ही तीस वर्षं शिकवलंय, त्यामुळे नीट उत्तर देते.

शिक्षक मोकळे हे मात्र अजिबात पटलं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टनच्या ज्या हायस्कूलबद्दल मी त्या पोस्टमध्ये लिहिलं होतं तिथे 2010 मध्ये आठ पोरांनी एक सेमिस्टर असं केलं, सोमवारी प्रश्न ठरवायचे, आठवडाभर शोधायचं आणि शुक्रवारी बाकीच्यांना शिकवायचं. म्हणजे दर शुक्रवारी चारचौघांत उभं राहायचं, ह्यात लाड कुठले. आणि मोठी माणसं पाठीशी होतीच.

आता आपल्याकडचं सांगते. माझ्या वर्गात बेळगावजवळच्या येळ्ळूर भागातली एक मुलगी आहे, बळ्ळारी नाल्याला लागून त्यांचं भात. पावसाळ्यात नाला फुगला की पाणी शेतात शिरतंय आणि रोप कुजतंय हे घरात रोज ऐकलेलं. तिचा प्रश्न एवढाच, पाणी नक्की किती दिवस राहतंय? तिने बांधाजवळ एक बांबू रोवला, त्यावर वितीवितीला लाल ऑइलपेंटच्या खुणा केल्या, आणि रोज शाळेला यायच्या आधी पाणी कितव्या खुणेवर आहे ते वहीत लिहायची. वहीत तीन रकाने, काय बघितलं, काय कळलं, काय कळलं नाही. एका दिवशी फक्त लिहिलंय, "आज पाऊस नाही तरी पाणी एक खूण वाढलं, का?" सर, हा "का" मी दिलेला नव्हता. त्याच्यासाठी ती आजोबांना घेऊन नाल्याकाठाने चालत वरपर्यंत गेली आणि जलपर्णी कुठे अडकलीय ते नकाशात काढून आणलं.

आणि कन्नडचं म्हणाल तर पावसाचे आकडे पाहिजेत म्हणून ती रयत संपर्क केंद्रात, म्हणजे शेती खात्याच्या ऑफिसात, गेली, तिथला कागद सगळा कन्नडमध्ये. "मळे प्रमाण" म्हणजे पावसाचं प्रमाण हे तिला कुणी पाठ करून घेतलं नाही, कन्नडच्या सरांकडे स्वतः जाऊन विचारून आली. आपल्या सीमाभागातल्या पोरांना कन्नड म्हटलं की लादलेलं वाटतं, तेही मी समजू शकते, माझंही बालपण इथलंच. पण स्वतःच्या शेताचा आकडा त्या भाषेत असला की पोरगी ती भाषा वाचायला लागते हे मी डोळ्यांनी बघितलंय. नेट तिच्या घरी आजही नाही.

फसलेलंही सांगते. एका मुलाने घरच्या तंबाखूचा हिशोब विषय घेतला, सुरुवात झकास केली, मग मी परीक्षेच्या कामात अडकले आणि तीन आठवडे त्याच्याशी बसलेच नाही. त्याने वही बंद केली. चूक त्याची नाही, माझी. पोराला एकटं सोडलं तर हे चालत नाही, आठवड्याला पंधरा मिनिटं तरी समोर बसून "पुढे काय?" विचारणारं माणूस लागतंच, आणि तीस पोरं असली तर ते जड आहे, हे तुमचं म्हणणं मला मान्य. म्हणून मी सहा-सातच घेते.

दहावीबद्दलही तुमची भीती खरी आहे. दहावीत मी हे करत नाही, फक्त नववीत, तेही शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तासभर. पोरांचे ते मार्क पुढे कॉलेजला लागतात, त्यांच्याशी खेळायचा हक्क मला नाही. पण राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद 1993 पासून दहा ते सतरा वयाच्या पोरांकडून अशीच गावातल्या प्रश्नांवरची कामं मागते, तिथे आपल्या मराठी शाळांतली पोरं का दिसू नयेत?

तुम्ही रिटायर झालाय, वेळ आहे, आणि भूगोल तुमच्यासारखा ह्या भागात कमी जणांनी शिकवला असेल. एका शनिवारी या की. त्या येळ्ळूरच्या पोरीला मलप्रभा नदीचं पाणी पूर्वेला का जातं आणि महादई नदीचं पश्चिमेला का, हे विचारायचंय, आणि त्याचं उत्तर मला तिच्या समाधानाएवढं देता येईना झालंय.