वजन किती, मालक?

काल भर दुकानात माझं वजन जाहीर झालं, सोबत बायकोचंही, आणि विषय काय होता तर गाडीचे मागचे शॉकअप.

गाडी साडेतीनशे सीसीची, टूरिंगची. एका शॉकअपमधून तेल गळालं. स्प्रिंग शाबूत, पण तिला आवरणारं तेलच गेलं, त्यामुळे खड्डा संपला तरी गाडी आपल्या मनाने उड्या मारतच राहायची. तुळजापूरहून येताना बायकोने बोलणंच सोडलं. मग जोडीच बदलायची ठरली.

मी तयारीने गेलो होतो. आय टू आय लांबी (वरच्या भोकापासून खालच्या भोकापर्यंत), त्या भोकातल्या बुशचं माप, ट्रॅव्हल म्हणजे मागचं चाक वरखाली किती हलतं ते, सगळं मोबाईलमध्ये लिहिलेलं. स्वीडनची ओहलिन्स कंपनी १९७६ पासून शॉकअप बनवते हेसुद्धा वाचलेलं (किंमत बघून फोन पालथा ठेवला ती गोष्ट वेगळी). काउंटरवरच्या पोराने यातलं काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "वजन किती?"

प्रश्न बरोबरच आहे, स्प्रिंग वजनावरच निवडतात. मी हळूच म्हणालो, "पंच्याऐंशी."

"चौऱ्याण्णव," मागून आवाज आला.

स्टुलावर एक काका बसलेले. मोपेडची क्लचवायर घ्यायला आलेले, गळ्यात टेप. शाळेचे युनिफॉर्म शिवतात म्हणे, आणि सोलापूरचा युनिफॉर्म कुठंकुठं जातो ते सगळ्यांना माहितीच आहे, त्यामुळे माणसाचा हात बसलेला. "चाळीस वर्षं मापं घ्यालाव मालक, कंबर खोटं बोलत नाही." आकडा बरोबर होता हेच जास्त लागलं.

"मागं कोण बसतंय?" पोरगं.

"मिसेस."

"त्यांचं?"

हे मला लग्नानंतर आजतागायत विचारता आलेलं नाही आणि हा बिल फाडता फाडता विचारतोय. काकांनी माझ्या फोनकडे मान केली. वॉलपेपरवर आम्ही दोघं नळदुर्गच्या किल्ल्यापुढं. त्यांनी चष्मा वर सरकवला, फोटो बोटांनी मोठा केला, आणि "अडुसष्ट, साडी धरून" म्हणून पोराला लिहायलाच सांगितलं. दुकानातली ट्यूब घ्यायला आलेली दोन पोरंपण वाकून फोटो बघायला लागली. मी फोन खिशात टाकला.

विषय बदलावा म्हणून म्हणालो, आहे त्याच स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे ती आधीच जेवढी आवळून ठेवलेली असते ते, हुक पान्याने वाढवला तर चालेल की. काका हसले. "नाडी आवळून पोट कमी होतंय का? नुसतं वर सरकतंय." आता हे एकदम करेक्ट आहे, प्रीलोडने गाडी वर उचलली जाते, स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो, मीपण हेच रात्री जागून वाचलेलं. पण वाचताना एवढा अपमान वाटला नव्हता.

मग सॅग, म्हणजे माणूस बसल्यावर गाडी किती दबते ते, मोजायची टूम निघाली. दोघांनी गाडी मागून उचलली, काकांनी मडगार्डपासून एक्सलपर्यंत टेप लावली, मग मला बसवलं, परत टेप. बसल्यावर ट्रॅव्हलच्या साधारण एक तृतीयांश दबली तर ठीक. आमची अर्ध्याच्या वर गेली. "मालक, वहिनी अजून बसल्या नाहीत," काका म्हणाले, आणि अख्खं दुकान हसलं.

हसा. पण हे शॉकअप माझ्या पोटाने मारले नाहीत. रस्ते कसे बांधायचे ते ठरवणाऱ्या इंडियन रोड काँग्रेस या संस्थेच्या हिशेबाने स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच हवा, म्हणजे ताशी २५ च्या वेगाने सुखात पार होईल असा. आमच्या गल्लीतला रुंदीला वीतभर आणि उंचीला भिंत, पांढरा पट्टा नाही, रात्री दिसत नाही, कुणी घातला ते कुणी सांगत नाही. त्याच्यापुढं लगेच पाइपलाइनचा चर, नुसती माती लोटून बुजवलेला. रोड टॅक्स गाडी घेतानाच एकरकमी कापून घेतात, तिथं मात्र कुणी आपलं वजन विचारत नाही. तक्रार केली तर "बघतो" म्हणतात आणि बघायलासुद्धा कुणी येत नाही, आले तर जीपने येतात, जीपला काय कळणार.

असो. जड स्प्रिंगची जोडी दुकानात नाही, पुण्याहून मागवावी लागेल, ॲडव्हान्स द्या म्हणाला. दिला. पावती मागितली तर पावतीपुस्तक संपलेलं. म्हटलं, नाव तरी लिहून घे, उद्या मीच पैसे दिले हे कसं कळणार तुला?

"नाव कशाला मालक," पोरगं म्हणालं, "तुमचं वजन लक्षात हाय की."