आज संमती, उद्या उधार

42व्या वर्षी एमबीए करायला घेतलं तेव्हा घरात सगळ्यांनी शुभेच्छा दिल्या. सासूबाईंनी फक्त "पोळ्यांना बाई लावणार का?" एवढंच विचारलं. नोकरी नाशिकच्या अंबडला, घर पंचवटीत, अभ्यास शनिवार-रविवारी, असं करत दोन वर्षं रेटली आणि शेवटी गाडी प्रबंधापाशी येऊन थांबली. विषय मी धूर्तपणे निवडला होता: 'पंचवटीतील किराणा दुकानांची उधारी'. घरापासून शंभर पावलांवर संशोधन. येताना साखरही आणता येईल.

गाईड मॅडमनी सिनॉप्सिस वाचला. "विषय छान आहे. एथिक्सचं काय?"

"मॅडम, मी कुणाचे पैसे बुडवणार नाहीये."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. टोपण लागलं की समजायचं, आता लांबणार. अमेरिकेत टस्कीगी इथे 1932 पासून सिफिलिस झालेल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांना नुसतं निरखत ठेवलं होतं. आजार काय हे धड सांगितलं नाही, पुढे पेनिसिलिन मिळू लागलं तरी दिलं नाही. हे चाललं 1972 पर्यंत. त्यानंतर 1979 साली बेल्मॉन्ट अहवाल आला: माणसाचा मान राखा, त्याचं भलं पाहा, न्यायाने वागा. ऐकून मी गप्प झाले. तरी रिक्षात बसल्यावर मनात आलंच, की तूरडाळ उधार देणाऱ्या माणसाचं माझ्या हातून असं काय वाईट होणार आहे?

झालं. पण ते नंतर.

आधी संमतीपत्र. दोन पानांचं, तलाठ्यालाही घाम फुटेल अशा मराठीतलं. 'सदर संशोधनातील सहभाग सर्वस्वी ऐच्छिक असून सहभागी व्यक्ती कोणत्याही टप्प्यावर, कोणतेही कारण न देता माघार घेऊ शकते.' मी हे मोठ्याने वाचत होते. सासूबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "आमच्या वेळी असलं काही दिलं नव्हतं."

रंगीत तालीम म्हणून गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात गेले. एका मावशींकडे किलोभर कांदे घेतले, उधारीवर छान गप्पा चालल्या होत्या. गिऱ्हाईक कसं ओळखतात, पैसे कसे मागतात, सगळं मावशी भडाभडा सांगत होत्या. मग मला नैतिकता आठवली आणि मी पिशवीतून कागद काढला.

"सही कशाला?"

"तुमची परवानगी म्हणून."

"कुंभमेळ्यात आम्हाला इथून उठवणार का?"

पाच मिनिटांत सगळ्या ओळीत बातमी गेली, की बाई सह्या घेत फिरतेय. एकीने पथारी आवरायला घेतली. ऐच्छिक सहभागाचा हक्क सर्वांनी एकमुखाने बजावला.

मग हक्काचं ठिकाण, म्हणजे आमचे किराणावाले काका. काका खूश झाले. गल्ल्यामागच्या देवाच्या फोटोवरचा हार सरळ केला, मुलाला चहा सांगायला पिटाळलं. सहभागी व्यक्तीला आमिष दाखवू नये असा नियम आहे. सहभागी व्यक्तीच चहा पाजू लागली तर काय, याचा त्यात उल्लेख नाही.

"नाव नीट घाला हं वहिनी. दुकान वडिलांनी काढलेलं."

"काका, नाव येणार नाही. गोपनीयता असते. 'दुकानदार क्रमांक 3' असं येईल."

काकांचा चेहरा उतरला. "तीन? मग एक कोण?"

"ते सांगता येत नाही."

"तो कोपऱ्यावरचा ना?"

मी गप्प. माझं गप्प बसणं काकांनी बरोबर वाचलं.

पुढची पायरी निरीक्षण. लपून पाहणं अनैतिक, म्हणून काकांना सांगून दोन संध्याकाळी गव्हाच्या पोत्याशेजारी वही घेऊन बसले. 1924 ते 1932 या काळात अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्यात प्रयोग झाले होते. आपल्यावर कुणाचं तरी लक्ष आहे एवढ्यानेच कामगार बदलतात, असा अर्थ त्यातून पुष्कळांनी काढला. तो बरोबर की चूक यावर विद्वान अजून भांडतात. त्यांनी आमच्या काकांना पाहायला हवं होतं. मी बसताक्षणी काकांनी पोटमाळ्यावरून 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी काढली, फडक्याने पुसली आणि बरणीला टेकवली. चहापूड मागायला आलेलं पोरगं रिकाम्या हाताने परत गेलं. मागोमाग त्याची आई आली, पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. दोन दिवसांत मी आमच्या गल्लीतली उधारी शून्यावर आणली. लोकांचं भलं पाहायचं होतं ते असं.

तिसऱ्या दिवशी वही मिटून नुसतीच गेले. काकांना म्हटलं, उधारीची वही जरा बघू का?

"नाही."

इतकं स्वच्छ 'नाही' मी काकांकडून कधी ऐकलं नव्हतं. "आज तुम्हाला दुसऱ्याची दाखवली, तर उद्या दुसऱ्याला तुमची दाखवेन. चालेल?"

फक्त माझं पान दाखवलं. वर नाव नव्हतं. लिहिलं होतं, 'चष्मेवाल्या वहिनी, 1,840.' सगळी वही अशीच, काका म्हणाले. 'लाल रिक्षा', 'दुसरा मजला बुलेट'. कोण ते फक्त त्यांना ठाऊक. वही गल्ल्याखाली कुलपात, दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला नवी काढायची. डेटा कुठे ठेवणार, सांकेतिक नावं कशी देणार, किती काळ जपणार, एथिक्सच्या फॉर्मवरच्या या तीन रकान्यांवर मी पंधरा दिवस डोकं फोडत होते.

पण त्या 1,840 ने घात केला. फॉर्मवर चौथा रकाना होता: 'संशोधक व सहभागी यांच्यात आर्थिक संबंध आहेत काय?' मी 'नाही' लिहिलं, खोडलं, वर 'किरकोळ' लिहिलं, तेही खोडलं. आता पैसे दिले तर मुलाखतीचा मोबदला वाटणार. न द्यावेत तर रोजच्या गिऱ्हाइकाला काका 'नाही' कसं म्हणणार? मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, जे आहे ते लिहून टाका. मग लिहिलं: 'संशोधक सहभागीची देणेकरी आहे.' असं वाक्य असलेलं ब्लॅक बुक, म्हणजे बांधलेला प्रबंध, आता कॉलेजच्या कपाटात जाणार.

काकांनी शेवटपर्यंत सही केली नाही. "वहिनी, तुमच्याकडून कधी घेतली का?" तोंडी संमतीचीही सोय असते; सगळं वाचून दाखवलं, त्यांनी मान डोलावली. पंधरापैकी सहा प्रश्न झाले आणि संध्याकाळची गर्दी सुरू झाली. काकांनी गल्ल्याखालची वही ओढली, माझं पान काढलं आणि 1,840 च्या खाली लिहिलं: 'प्रश्न 9, बाकी.'