रात्री अकरानंतरच्या काळज्या आणि टीव्हीवरचं विज्ञान

घराचा हप्ता, बाबांचा रिपोर्ट, मुलीची बारावी, सोसायटीतलं पार्किंगचं भांडण. यातली एकही काळजी खोटी नाही. पण रात्री अकरानंतर त्या सगळ्या सारख्याच मोठ्या वाटायला लागतात. पार्किंगवरून ऐकावा लागलेला एक टोमणा आणि बाबांचा रिपोर्ट, दोन्ही तेवढेच छातीवर बसतात. अशा वेळी मी विज्ञानाचा एखादा चांगला कार्यक्रम लावते. त्याने जे साधतं ते मला मोटिव्हेशनल व्हिडिओंनी कधीच साधलेलं नाही.

अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनची 'कॉसमॉस' ही १३ भागांची मालिका १९८० सालची. पहिल्याच भागात तो इजिप्तचा नकाशा हातात घेतो. त्यावर दोन छोटे खांब उभे केलेले. मग तो नकाशाला हळूच बाक देतो आणि एका खांबाची सावली पडते, दुसऱ्याची नाही. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने एवढ्यावरूनच पृथ्वीचा परीघ काढला होता. दोन शहरांतल्या सावल्यांच्या कोनात फरक सुमारे ७ अंशांचा, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. शहरांमधलं अंतर अंदाजे ८०० किलोमीटर. पन्नासने गुणा, ४०,००० किलोमीटर! ना दुर्बीण, ना उपग्रह. हा हिशेब डोक्यात चालू असताना तो टोमणा कधी मागे पडतो ते कळतही नाही.

तसंच काळाचं. विश्वाचं आजवरचं वय, सुमारे १,३८० कोटी वर्षं, एका वर्षाच्या कॅलेंडरमध्ये बसवलं तर त्यातला एक सेकंद चारशेहून जास्त वर्षांचा होतो. म्हणजे शिवराज्याभिषेक होऊन अजून एक सेकंदही झालेला नाही!

यावर कोणी म्हणतं, मग आपण इतके क्षुद्र असू तर कशाचीच फिकीर कशाला करायची? मला हे अजिबात पटत नाही. पार्किंग गळून पडतं, बाबा नाही पडत. उलट एवढ्या अफाट, रिकाम्या पसाऱ्यात शेजारच्या खोलीत खोकणारा हा एक माणूस आपला आहे, हे जास्तच जाणवतं. सकाळी डॉक्टरांना काय विचारायचं, ते मग शांतपणे लिहून काढता येतं.

अर्थात कार्यक्रम चांगला हवा. धडधडतं संगीत, परग्रहवासी, 'शास्त्रज्ञही चक्रावले' असल्या मथळ्यांनी भीती वाढते, समज नाही. आपल्याकडे याहून कितीतरी चांगलं झालेलं आहे. २४ ऑक्टोबर १९९५ च्या खग्रास सूर्यग्रहणात दूरदर्शनवर भौतिकशास्त्रज्ञ प्रा. यशपाल समजावून सांगत होते, तेही ग्रहण लागलं की दारं-खिडक्या लावून बसणाऱ्या घरांना. जयंत नारळीकरांनी दूरदर्शनवरच 'ब्रह्मांड' उलगडून दाखवलं, कुठलाही आव न आणता.

आज नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना परिसरात काही किलोमीटर पसरल्या आहेत आणि दूरच्या आकाशगंगांचे रेडिओ संकेत टिपत आहेत. पुण्यात आयुका हे खगोलशास्त्राचं केंद्र आहे, मुंबईत टीआयएफआर ही मूलभूत विज्ञानाची संशोधन संस्था आहे. मराठी वाहिन्यांना कॅमेरा घेऊन फार लांब जायला नको. आठवड्यातून अर्धा तास द्या, पण तो रात्री साडेआठचा द्या, रविवारी पहाटेचा नको. त्या वेळी घरातली सगळी टीव्हीसमोर असतात, आणि सगळ्यांच्या डोक्यात काही ना काही चालू असतं.