वैद्यासमोर ठणठणीत

गेल्या महिन्यात माझ्या लॅपटॉपला एक विलक्षण आजार जडला. मी एकटा त्याच्यासमोर बसलेला असलो की त्याला धाप लागे आणि कोणी जाणकार पाहायला आला की तो ठणठणीत होई. घरातील इंटरनेट कनेक्शन सेकंदाला १०० मेगाबिटचे होते. माझ्याच खुर्चीमागे उभी राहून मुलगी मोबाइलवर वेग मोजत असे, तेव्हा आकडा नव्वदीपार जाई. आणि त्याच क्षणी माझ्या लॅपटॉपवरचा काटा ३ पर्यंत चढून, जिना चढलेल्या वृद्धासारखा तिथेच दम खात उभा राही. कोपऱ्यातील वायफायच्या चिन्हाच्या सगळ्या कमानी मात्र भरलेल्या असत. दृक्‌श्राव्य बैठकीत माझा चेहरा गोठायचा तो नेमका तोंड उघडे असताना, त्यामुळे ‘आपल्याला काही बोलायचे आहे का?’ असे मला दर पाच मिनिटांनी विचारले जाई.

तक्रार करताना मी जपूनच होतो, कारण पूर्वी एकदा माझी फजिती झाली होती. फाइल उतरताना सेकंदाला १२ असा आकडा दिसला म्हणून ‘शंभर सांगता आणि बारा देता?’ असा मी फोनवर कडाडलो होतो आणि पलीकडच्या मुलाने अत्यंत नम्रपणे सांगितले होते, “सर, तुम्ही मेगाबाइट बघताय. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. बाराला आठने गुणा.” मी गुणले, आभार मानले आणि फोन ठेवून बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिलो. या वेळी बिट आणि बाइट दोन्ही तोंडपाठ करून फोन लावला. पलीकडून प्रश्न आला, “राउटर बंद करून पुन्हा सुरू केलात का?” केला होता. “पुन्हा एकदा करा. तीस सेकंद थांबून करा.” तीस सेकंद मोजून केला. ३ चे ३ च राहिले. माणूस पाठवतो, असे आश्वासन मिळाले.

तो येईपर्यंत स्वस्थ बसणे माझ्या स्वभावात नाही. मी वाचन सुरू केले, आणि अर्धवट वाचनाने होतात ते सगळे अपघात ओळीने झाले. वायफाय प्रामुख्याने २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशा दोन पट्ट्यांत चालते आणि त्यांपैकी २.४ च्या लहरी भिंतींतून अधिक चांगल्या पार होतात, हे मला समजले. माझी खोली राउटरपासून दोन भिंती पलीकडे. तेव्हा लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये खोल शिरून मी ‘२.४ ला प्राधान्य’ असे बजावून ठेवले. बजावले आणि विसरलो. पुढच्या परिच्छेदात त्याच पट्ट्यात ब्लूटूथही असते, मायक्रोवेव्हही साधारण २.४५ गिगाहर्ट्‌झवर चालतो आणि शेजारपाजारचे राउटरही तिथेच दाटीवाटीने बसलेले असतात, असे लिहिले होते. परंतु तो परिच्छेद मी दुसऱ्या दिवशी वाचला.

त्या दिवशी संशयाची सुई स्वयंपाकघराकडे वळली. मायक्रोवेव्हमध्ये पाण्याचा पेला ठेवून तो चालू करायचा आणि धावत येऊन वेग मोजायचा, असा प्रयोग मी सात वेळा केला. वेग ३ वरून २ वर आला, एकदा ४ वर गेला; निष्कर्ष काढता येईना. गरम पाणी मात्र भरपूर जमले. “अहो, त्या टेबलावरचा पसारा आधी आवरा, म्हणजे निम्मी दुखणी जातील,” असे पत्नी म्हणाली. लहरींचे शास्त्र आणि टेबलाची स्वच्छता यांचा काडीचाही संबंध नसतो, हे मी तिला समजुतीच्या स्वरात सांगितले.

नंतर मी शेजाऱ्यांकडे वळलो. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न सांडणारे चॅनल, म्हणजे पट्ट्यातल्या गल्ल्या, तीनच, १, ६ आणि ११. आणि आमच्या आसपासचे बहुतेक राउटर १ किंवा ६ वर होते. गर्दी टाळण्याच्या हुशारीने मी आमचा राउटर ३ वर नेला. वास्तविक एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचे बोलणे ओळखतात आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतात. मधल्या चॅनलवर बसणाऱ्याला मात्र दोन्हीकडचा कलकलाट ऐकू येतो, कळत कोणाचेच नाही, आणि त्याचा कलकलाट त्या दोघांनाही सोसावा लागतो. दोन दिवस मी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या डोक्याला ताप देत होतो, आणि लिफ्टमध्ये त्यांपैकी एकाने “तुमचंही नेट हल्ली हळू चालतं का हो?” असे विचारले तेव्हा मी मजल्यांच्या आकड्यांकडे लक्ष केंद्रित केले. त्याच रात्री राउटर ११ वर नेला. शेजारी सुखी झाले. माझे ३ कायम होते.

शेवटी कंपनीचा तंत्रज्ञ आला. तो येणार म्हणून पत्नीने माझे टेबल आवरून ठेवले होते: वर्तमानपत्रे, चष्म्याची दोन घरे, सुकलेली पेने, काळी डबी, गुंतलेल्या वायरी, सगळे खणात. त्याने लॅपटॉप उघडला, वेग मोजला, आणि आकडा ६८ आला. त्याने पुन्हा मोजला, ७१. “चांगला आहे की सर,” असे म्हणून त्याने माझ्याकडे, न दुखणारा दात दाखवायला आलेल्या माणसाकडे दंतवैद्य पाहतो तसे पाहिले. तो गेला. मी खणातून सामान काढून कामाला बसलो, आणि संध्याकाळपर्यंत काटा पुन्हा ३ वर होता. आठवड्याने तो पुन्हा आला, टेबल पुन्हा आवरले गेले, आकडा ७० आला. जाताना तो पत्नीला हळूच म्हणाला, “साहेब घरीच असतात का हल्ली?”

उलगडा केला तो मुलीने, आणि तोही कंटाळून. महिनाभर मी जुने फोटो एका बाहेरच्या हार्ड डिस्कमध्ये भरत होतो. ती काळी डबी हातभर लांबही नसलेल्या वायरीने लॅपटॉपला चिकटून अहोरात्र चालू असे. मुलीला ती हवी होती. तिने वायर काढली, आणि माझ्या पडद्यावर तासभर गोल फिरणारे चित्र एकदम हलू लागले. “बाबा, ही लावली की नेट बसतं,” ती म्हणाली. तिने वायर लावली, ३. काढली, ६९. मग तिने मोबाइलवर शोधून मला वाचूनच दाखवले: यूएसबी ३.० च्या, म्हणजे अशा डिस्क जोडतात तसल्या, वायरीतून सेकंदाला ५ गिगाबिटच्या वेगाने माहिती धावते तेव्हा जी विद्युत खरखर बाहेर सांडते, ती नेमकी २.४ गिगाहर्ट्‌झच्या परिसरातही पसरते. चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीने २०१२ सालीच यावर निबंध प्रसिद्ध केला होता. राउटरचा आवाज माझ्यापर्यंत उत्तम पोहोचत होता, म्हणूनच कमानी भरलेल्या होत्या. परंतु कानाशी मिक्सर चालू असताना समोरच्याने कितीही खणखणीत बोलून काय उपयोग? कमानी आवाज मोजतात, मिक्सर मोजत नाहीत. मोबाइल मात्र ५ च्या पट्ट्यात असल्याने या गोंगाटापासून दूर होता. लॅपटॉप आधीपासूनच २.४ वर असावा; तोही कधीतरी तिकडे गेला असता, जर कोणी त्याला २.४ बजावून ठेवले नसते.

“हे प्राधान्य कोणी लावलं?” मुलीने विचारले. अपडेटमध्ये कधीकधी आपोआप बदल होतात, असे मी म्हणालो. तिने ५ ची निवड केली, डिस्कला लांब वायर लावून ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवली, आणि काटा ९४ वर जाऊन थांबला. पत्नी काहीच बोलली नाही. तिने फक्त फडके आणले आणि टेबलाचा मोकळा झालेला भाग पुसला. तो तिने जरुरीपेक्षा बराच जास्त वेळ पुसला.

दुसऱ्या दिवशी तक्रार केंद्रातून फोन आला. “सर, वेग आता ठीक असेल तर तक्रार बंद करतो. नेमकं काय केल्यावर सुटली? नोंद करायची असते.” माझ्या डोळ्यांपुढून मायक्रोवेव्हमधले सात पेले, लिफ्टमधला शेजारी आणि तो सभ्य तंत्रज्ञ असे सगळे सरकून गेले. मी घसा साफ केला.

“राउटर बंद करून पुन्हा सुरू केला,” मी म्हणालो.

“तीस सेकंद थांबून ना?”

“हो, मोजून.”