परगोत्री ओई

लेकीचा कॉलेजप्रवेशाचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला. पहिल्यांदा फोटोची पार्श्वभूमी निळी होती म्हणून, दुसऱ्यांदा एबीसी आयडीवरच्या (म्हणजे क्रेडिटच्या बँकेतल्या खात्यावरच्या) नावाचं स्पेलिंग बारावीच्या गुणपत्रिकेशी एका अक्षराने जुळत नव्हतं म्हणून. ते मी सोसलं. तिसऱ्यांदा मात्र खिडकीतल्या मॅडमनी लाल पेनाने गोल काढून खाली लिहिलं होतं, 'विषय निवड चुकीची. जाणकार व्यक्तीला विचारून भरावे.'

जाणकार व्यक्तीला! अहो, तो अर्ज मी भरला होता. मी, बी.ए., इको स्पेशल. घरी रात्री साडेअकरापर्यंत जागून, चष्मा पुसत, लेकीला "तू नको हात लावू, हा माझा विषय आहे" असं बजावून.

आमच्या वेळी मामला सरळ होता. पहिल्या वर्षी सगळे विषय सारखेच नावडते, मग त्यातला सर्वांत कमी नावडता निवडायचा आणि त्याला स्पेशल म्हणायचं. बाकीचे जनरल. स्पेशलचे एस-वन ते एस-फोर हे पेपर पार पडले की झालात तुम्ही अर्थशास्त्राचे पदवीधर. आता २०२०चं नवं शैक्षणिक धोरण आलं आणि स्पेशलचं मेजर झालं, जनरल बहुधा रिटायर झालं, आणि मायनर म्हणजे दुय्यम विषय, ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी अशी एक पलटणच दाखल झाली. शिवाय पुढल्या वर्षांत ओजेटी, एफपी आणि सीईपी दबा धरून बसलेले आहेतच. ही यादी मी लेकीला मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा आतल्या खोलीतून आईने विचारलं, "कुणाचा रक्ताचा रिपोर्ट आला का?"

तर मी अर्ज हातात धरून रांगेच्या कडेला उभा होतो आणि 'जाणकार' या शब्दाकडे बघत होतो. तेवढ्यात खांद्यावरून आवाज आला.

"बघू."

साठी-पासष्टीचे काका. चष्मा दोरीने गळ्यात. शेजारी कानात बोंडं घातलेला नातू, ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय असा कसलाही संशय त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. काकांच्या बगलेत या धोरणाबद्दलचा एप्रिल २०२३चा शासन निर्णय, प्रिंट काढून, स्पायरल बाइंडिंग करून, जागोजागी लाल खुणा. पुढे कळलं की काका निवृत्त पोस्टमास्तर आणि फावल्या वेळात पत्रिका जुळवून देतात. ते आधी कळलं असतं तर पुढचा धक्का जरा सौम्य बसला असता.

"मेजर अर्थशास्त्र," काकांनी अर्ज लांब धरून वाचलं. "हा झाला नवरामुलगा. आता मायनर."

"म्हणजे नवरी मायनर?" लेकीने विचारलं. "कायद्यात बसतं का?"

काकांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "पोरगी हुशार आहे," ते मला म्हणाले. "मग अर्ज तुम्ही का भरलात?"

मी गप्प.

"मायनर घरातलाही चालतो. म्हणजे बघा, शाखा तीच पण विषय वेगळा. मामाची मुलगी चालते की नाही, तसं. परक्या शाखेतला केलात तरी हरकत नाही. पण ओई?" इथे काकांचा आवाज चढला आणि रांगेतली चार-पाच डोकी वळली. "ओई सगोत्र चालत नाही! मेजर ज्या शाखेचं, ओई त्या शाखेबाहेरचीच पाहिजे. हे इथे लिहिलंय." लाल खूण. "आणि तुम्ही काय टाकलंय? अर्थशास्त्राच्या मुलीला ओई 'भारतीय अर्थव्यवस्था'!"

"तिच्या आवडीचा विषय आहे," मी म्हणालो.

"आवडीचा असणारच. सख्खी बहीण आहे! अहो, ती ओई तुमच्याच विभागाने कॉमर्स आणि सायन्सच्या पोरांसाठी काढलीय. तुम्ही लेकीसाठी स्थळ बघायला निघालात आणि स्वतःच्याच घराची बेल वाजवलीत."

रांग हसली. नातवानेसुद्धा एक बोंड काढलं. खिडकीतल्या मॅडमनी मान वर करून काकांना "बरोबर" म्हटलं, आणि त्या क्षणी त्या महाविद्यालयातला अर्थशास्त्राचा अधिकृत जाणकार कोण हे ठरून गेलं. लोक आपापले अर्ज घेऊन काकांपुढे उभे राहू लागले. लेकही माझ्या बाजूने सरकून त्यांच्या बाजूला गेली.

"एका क्रेडिटला १५ तास," काका सांगत होते. "सेमिस्टरला २२ क्रेडिट. पत्रिकेत ३६ पैकी १८ गुण जुळले तरी लग्न लागतं. इथे २२ पैकी २२ लागतात."

"आणि नाही पटलं तर?" एका आईने विचारलं.

"सोय आहे ना. एका वर्षाने बाहेर पडलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चार काढलीत तर ऑनर्स. मध्येच सोडलंत तर क्रेडिट बँकेत राहतात, जास्तीत जास्त सात वर्षं."

"म्हणजे साडेसातीपेक्षा सहा महिने कमी," मी म्हणालो. मला वाटलं, निदान यावर तरी रांग हसेल. काकांनी गंभीरपणे मान डोलावली आणि बाइंडिंगच्या कडेला तसं टिपून घेतलं.

क्रेडिटच्या बँकेबद्दल खरं तर मला अर्थशास्त्राचा माणूस म्हणून काही विचारायचं होतं. ठेवीवर व्याज किती? शून्य. सात वर्षांनी त्या क्रेडिटची बाजारात किंमत काय? पण मला विचारतं कोण.

आता मायनरचं. मी संख्याशास्त्र लिहिलं होतं, आणि ते चुकलं होतं हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही. गणिताशिवाय अर्थशास्त्र शिकणं म्हणजे पोहण्याचा कोर्स पत्राने करणं. काकांनीही ते नियमात बसतं असं सांगितलं. "फक्त वेळापत्रकात बसत नाही," मॅडम आतून म्हणाल्या. "सायन्सचे तास आणि तुमचे मेजरचे तास एकाच वेळी आहेत." संपलं. धोरण म्हणतं, ज्ञानाच्या भिंती पाडा. भिंती पाडल्या, पण घंटा एकच आहे.

दादाभाई नौरोजी एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवायचे, आणि या देशातून संपत्ती कशी वाहून जाते याचा हिशेब त्याच माणसाने मांडला. बाबासाहेबांनी कोलंबियात अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, शिवाय थोडं फ्रेंच आणि जर्मन. ही खरी आंतरविद्याशाखीय भूक. माझ्या मुलीला त्यांच्या नखाचीही सर येणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिला एक, फक्त एक, संख्याशास्त्र हवं होतं हो.

मायनरची छापील यादी भिंतीवर होती. सात विषय. त्यातले पाच बॉलपेनने खोडलेले. मानसशास्त्राला शिक्षक नाहीत. भूगोलाला होते, ते तासिका तत्त्वावरचे होते आणि दिवाळीपासून आले नाहीत. तत्त्वज्ञानाला पुरेशी मुलं नाहीत. उरले राज्यशास्त्र आणि इतिहास, कारण त्या विभागांत कायम प्राध्यापक आहेत आणि त्यांचा वर्कलोड भरायचा आहे. हे मला मॅडमनी नाही सांगितलं, तिथल्या शिपायाने सांगितलं, आणि त्याने सांगितलं म्हणून मी ते खरं धरतो. पहिल्या वर्षी आम्ही रॉबिन्सची अर्थशास्त्राची व्याख्या घोकायचो. गरजा अमर्याद, साधनं मर्यादित, म्हणून निवड करावी लागते. इथे साधनं इतकी मर्यादित की निवडही कुणीतरी आधीच करून ठेवलेली. वर मुलांना सांगायचं, बघा, तुमच्या आवडीने शिका! आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानप्रणाली, २ क्रेडिट. म्हणजे ३० तासांत हजारो वर्षांचं ज्ञान, त्यातली गणपतीची सुट्टी वजा.

असो. माझा आवाज चढला तेव्हा लेकीने "बाबा, लोक बघतायत" म्हटलं.

शेवटी अर्ज काकांनी भरला. मेजर अर्थशास्त्र, मायनर राज्यशास्त्र. ओई वनस्पतिशास्त्र विभागाची, 'रोपवाटिका व्यवस्थापन'. आमच्या घरी निवडुंगसुद्धा पाणी मागून मागून मेलं आहे. पण गोत्र जुळलं. मॅडमनी एका नजरेत पास केला, शिक्का मारला आणि माहिती संगणकावर चढवायला घेतली.

"पालकांचं शिक्षण?"

माझी मान आपोआप ताठ झाली. "बी.ए. अर्थशास्त्र."

"मेजर की मायनर?"

"स्पेशल," मी म्हणालो.

त्यांनी यादी वरखाली सरकवली. पुन्हा सरकवली. काकांनी खिडकीतून डोकं आत घालून पाहिलं.

"स्पेशल नाहीये यात," मॅडम म्हणाल्या. "'इतर' टाकते."