‘बिलाएवढीच भरपाई’ म्हणणारा मेसेज पुढे पाठवू नका

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘गाडीने उडवलं तर दवाखान्याच्या बिलाएवढेच पैसे मिळतात. मेडिक्लेम असेल तर तेही नाहीत. अपघात पुण्यात झाला तर केस पुण्यातच. गाडीवाला बिल भरत असेल तर सही करून मोकळं व्हा.’ यातलं एकही वाक्य खरं नाही, आणि शेवटचं तर घर बुडवणारं आहे.

बिल हा भरपाईचा एक भाग झाला. बुडालेली मजुरी, पुढचे उपचार, सोसलेल्या वेदना, सांभाळायला लागणारं माणूस हे सगळं वेगळं धरतात. सगळ्यात मोठा आकडा असतो पुढे बुडणाऱ्या कमाईचा. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतली, विड्या वळणारी ३८ वर्षांची बाई धरा, महिना कमाई ९,००० रुपये. वर्षाचे १,०८,०००. वय चाळिशीच्या आत म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवले की १,५१,२००. या वयाला वर्षाच्या कमाईला १५ ने गुणायचं, हा गुणक सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरवलेला. सगळी कमाई बुडाली तर झाले २२,६८,०००.

आता अपंगत्वाच्या दाखल्यावर ३० टक्के लिहिलं असेल, तर ६,८०,४००. पण दाखला शरीराचा असतो, कमाईचा नसतो. डावा हात गेलेला सुतार किंवा ड्रायव्हर जवळपास सगळी कमाई गमावतो, कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते, हे सर्वोच्च न्यायालयानेच २०१० मध्ये सांगितलं आहे. बोटांत पान धरता येत नाही, दोरा गुंडाळता येत नाही, तर विडी वळायची कशी? हे डॉक्टरांच्या साक्षीतून आणि कामाच्या पुराव्यातून अपघाताचे दावे चालवणाऱ्या ट्रिब्युनलपुढे आलं पाहिजे. विडी कार्ड, मजुरीची नोंद, पासबुक जपून ठेवा. पगाराची स्लिप नाही म्हणून दावा फेटाळला जात नाही, अंदाजे उत्पन्न धरलं जातं. घरकाम करणाऱ्या गृहिणीचंसुद्धा धरतात.

मेडिक्लेमचं म्हणाल तर तो तुम्ही हप्ते भरून घेतलेला असतो. ती रक्कम अपघाताच्या भरपाईतून कापता येत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे.

पुण्याला खेपा घालायचीही गरज नाही. जखमी माणूस राहतो त्या जिल्ह्यात दावा चालतो, म्हणजे आपल्याला सोलापुरातच.

राहिली ती सही. बहुतेक वेळा भरपाई गाडीवाल्याच्या खिशातून जात नाही, थर्ड पार्टी विम्याची कंपनी देते. तो चाळीस हजारांचं बिल भरून स्टॅम्पपेपरवर ‘तक्रार नाही’ लिहून घेतो, तेव्हा वरचे लाखो रुपये धोक्यात येतात. पोलिसांत फिर्याद द्या, पंचनाम्याची नक्कल घ्या. आणि थांबू नका: १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात दावा दाखल करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, म्हणून सहा महिने उलटले असतील तरी वकिलाला भेटाच.