ताई, बास गिटार रंगवायला नाही म्हटलं त्याबद्दल

ताई नमस्कार, दुकानाचा मालक बोलतोय, त्या दिवशी काउंटरवर होतो तो मीच. तुम्ही एक स्टार दिलाय आणि लिहिलंय की वडिलांचा जुना बास त्यांच्या सत्तरीला नवाकोरा करून द्यायचा होता, आम्ही तो ११ दिवस ठेवून घेतला, चेकिंगचे ६०० रुपये घेतले, रंगाला हातही लावला नाही आणि वर चार लोकांसमोर तुम्हाला "वडिलांना विचारलंय का" असं सुनावलं. यातलं काहीच खोटं नाही.

आधी माझ्या चुका. त्या ११ दिवसांत गौरी-गणपतीला मी गावी होतो, दुकान बंद होतं, तुम्हाला साधा फोन करायला हवा होता तो केला नाही. आणि तो प्रश्न मी गर्दीत, घाईत, चढ्या आवाजात विचारला. तुम्ही एवढ्या हौसेने आलेल्या, तुम्हाला कसं वाटलं असेल ते रिव्ह्यू वाचल्यावर कळलं. मनापासून सॉरी. प्रश्न मात्र माझ्या मनात अजून तोच आहे म्हणून हे लांबलचक लिहितोय.

६०० रुपयांचं सांगतो, कारण बिलावर मी नुसतं "चेकिंग" लिहिलं, त्यातून कुणाला काय कळणार. नेक म्हणजे बासची मान काढून तिच्या टाचेवरचा शिक्का बघितला, पॉटवरचे, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालच्या सुट्या भागांवरचे, कोड बघितले. ३०४ ने सुरू होणारा कोड म्हणजे स्टॅकपोल कंपनीचा पॉट, पुढचे दोन आकडे वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे, तुमच्या बासमध्ये वर्षाचे आकडे ६६ आहेत. म्हणजे हा फेंडर कंपनीचा १९६६ च्या आसपासचा प्रिसिजन मॉडेलचा बास आहे आणि आतलं सगळं मूळचं आहे. मग पिकगार्डखाली, म्हणजे तारांखालच्या प्लास्टिकच्या पत्र्याखाली, जिथे कधीच कुणाला दिसणार नाही अशा जागी, इअरबडने ॲसिटोनचा एक ठिपका लावला, रंग लगेच मऊ पडला, म्हणजे हा जुना नायट्रो लॅकर, नायट्रोसेल्युलोजचा पातळ रंग, आहे. १९६८ च्या आसपास फेंडरने बॉडीला जाड पॉलिएस्टर मारायला सुरुवात केली, ते असतं तर ॲसिटोनने काही झालं नसतं. शिवाय व्हॉल्यूमचा खरखराट काढलाय, जॅकचं सोल्डरिंग सुटत आलं होतं ते केलंय, नेक सरळ केलीय. त्यामुळे ते पैसे परत करत नाही, पण नीट सगळं लिहिलेलं बिल देतो, ते तुमच्या हक्काचं आहे.

आता रंग का नाही. तुम्ही म्हणालात की बास भंगारातून आणल्यासारखा दिसतो. खरंय, कोपर टेकतं तिथे लाकूड उघडं पडलंय, मागे बेल्टच्या बकलने घासलंय, सनबर्स्टवर, म्हणजे मध्ये फिकट आणि कडेला गडद होत जाणाऱ्या रंगावर, बारीक चिरा आहेत. पण नायट्रोचा थर पातळ असतो, तो माणसाच्या हाताने झिजतो, घामाने झिजतो, आणि यातली बरीचशी झीज वडिलांच्या हाताचीच असणार. तुम्हीच सांगितलंत की त्यांनी हा १९७९ मध्ये जहाजावर काम करणाऱ्या एका माणसाकडून सेकंडहँड घेतला आणि मग ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षं वाजवला. नवा रंग द्यायचा म्हणजे हे सगळं पॉलिश पेपरने घासून लाकडापर्यंत जायचं, कडांचा उतार थोडा का होईना बदलतो, आणि एकदा घासलं की जगातला कुठलाच कारागीर ते परत आणून देऊ शकत नाही. विकायचा झाला तर धंद्यातला ढोबळ हिशोब असा की रंगवलेल्या जुन्या फेंडरला मूळ रंगवाल्याच्या साधारण निम्मीच किंमत येते. तुम्हाला विकायचा नाहीये हे माहितीये, तरी सांगणं माझं काम आहे.

आणि एक गोष्ट माझी त्या दिवशी सांगायची राहिली, तीच सगळ्यात महत्त्वाची. बासच्या वरच्या कडेला, वाजवणाऱ्याला खाली मान घातली की दिसेल अशा जागी, दोन इंच रुंदीचा एक पट्टा आहे, तिथली चमक गेलीय आणि कडेने सेलोटेपचा पिवळा डिंक अजून चिकटलेला आहे. मला वाटतं तिथे ते गाण्यांची यादी चिकटवायचे, कुठलं गाणं कुठल्या पट्टीत ते, ऑर्केस्ट्रातले खूप लोक असं करायचे. पण हा माझा अंदाज, खरं काय ते फक्त त्यांना माहीत. तुम्ही तोच पट्टा दाखवून "हा डाग पहिला काढा" म्हणालात आणि माझ्या तोंडून तो प्रश्न तसा निघाला.

मी रिफिनिशच्या, म्हणजे जुना रंग काढून नवा देण्याच्या, विरोधात अजिबात नाही, दुकानात दर वर्षी करतो. बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनींच्या १९६१ च्या हॉफनर बासला १९६४ मध्ये पूर्ण नवा सनबर्स्ट दिला होता, वापरातलं वाद्य होतं, नीटनेटकं करून घेतलं, त्यात काही पाप नाही. तोच बास १९७२ मध्ये चोरीला गेला आणि ५० हून जास्त वर्षांनी त्यांना परत मिळाला, आज कुणी म्हणत नाही की रंगवल्यामुळे तो त्यांचा राहिला नाही. पण तो वाजवणारा माणूस तेव्हा तो वाजवत होता. मी काही वर्षांपूर्वी एका मुलाने आणलेला त्याच्या काकांचा जपानी बास काळाकुळीत करून दिला होता, काम उत्तम झालं होतं, आणि महिन्याने काका स्वतः आले, म्हणाले अंगठा कुठे ठेवायचा ते हाताला सापडत नाही. मागे नेता येतं का असं विचारत होते. तेव्हापासून मी ज्याचं वाद्य त्याच्याशी बोलल्याशिवाय घासायला घेत नाही.

दुसऱ्या दुकानात ४ दिवसांत ९००० मध्ये करून देतायत असं लिहिलंय, त्यांच्याबद्दल मला काही बोलायचं नाही, फक्त एवढं विचारा की कुठला रंग मारणार. नायट्रो ४ दिवसांत होत नाही, कोट मारून झाल्यावर बफिंगच्या, म्हणजे घासून चमक आणण्याच्या, आधी तीन-चार आठवडे तरी सुकू द्यावा लागतो. आणि या दमट हवेत मारला तर थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, बाष्प धरतो आणि पांढरट झाक येते. म्हणून मी दिवाळीआधी कुणाचाच नायट्रो घेत नाही.

मधला रस्ता आहे. लायटरमध्ये भरतात त्या फ्लुइडने वर्षांचा मळ हळूहळू काढतो, त्याने लॅकरला काही होत नाही, निम्मं भंगारपण तिथेच जाईल. उघड्या लाकडावर पातळ लॅकर देतो म्हणजे घाम आत मुरणार नाही, नायट्रो जुन्या नायट्रोत विरघळून एकजीव होतो त्यामुळे जोड दिसत नाही. सेलोटेपच्या पट्ट्याला हात लावणार नाही, त्यांनी सांगितलं तरच.

सरप्राइज थोडं कमी होईल, पण रविवारी सकाळी १० ला त्यांना घेऊन या, तेव्हा दुकानात कुणी नसतं. सगळं बघून ते म्हणाले की नवाकोरा करा, तर दिवाळीनंतर पहिलं काम त्यांचं, आणि तुम्ही सांगितलेल्या त्याच सनबर्स्टमध्ये. येताना जुनी केसही आणा, तिच्या आतल्या कप्प्यात ब्रिजवरचं, म्हणजे बॉडीवर तारा जिथे अडकवतात त्या भागावरचं, क्रोमचं झाकण फडक्यात गुंडाळून ठेवलेलं मी पाहिलंय, बहुतेकांची ती कधीच हरवलेली असतात. त्यावर थोडा गंज आहे, तो तुमच्यासमोर बसून साफ करून देतो.